लसणाशिवायचं चायनीज

मल्लिनाथ भगवंतांच्या दर्शनाला आलेलं एक कुटुंब शिरड शहापूरच्या रस्त्याकडेला, चायनीजच्या गाड्यापाशी थांबलं होतं. दिवस मावळायला तासभर असेल. सोबतच्या दहा-बारा वर्षांच्या नातवाला मंचुरियन हवं होतं आणि सूर्य बुडायच्या आत त्याचं खाणं उरकावं अशी आजींची घाई होती. "कांदा-लसूण चालत नाही आम्हाला. जैन करून देशील का रे बाळा?" त्यांनी विचारलं. गाड्यावरच्या पोरानं मान डोलावली, कढई घासून धुतली, तेल बदललं, लसणाचा डबा हातानं लांब सरकवला आणि कोबीचे गोळे मिरची-सॉसमध्ये परतून दिले. आजींनी स्वतः काही घेतलं नाही. नातू मात्र बोटं चाटून खात होता.

मी शेजारीच उभी होते. आपल्याकडचं मंचुरियन मुंबईत जन्मलं. 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरात नेल्सन वांग यांनी चिकनचे तुकडे आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉसमध्ये घोळवले, अशी त्याची जन्मकथा सांगितली जाते. म्हणजे लसूण त्याच्या मुळातच आहे. तो काढून टाकल्यावर त्यात चिनी असं काय उरलं असेल, असा प्रश्न मला त्या संध्याकाळी पडला. उत्तर शोधायला बसले आणि थक्क झाले. चीनमध्ये एक आख्खी पाककला दीड हजार वर्षं लसणाशिवाय आणि कांद्याशिवाय चालत आली आहे. शिवाय ती चालवणारी बरीच स्वयंपाकघरं स्वतःच्या फायद्यासाठी चूल पेटवत नाहीत.

चिनी बौद्ध मठांत पाच उग्र वनस्पती वर्ज्य मानतात. पाचव्या शतकात चीनमध्ये प्रचारात आलेल्या ब्रह्मजाल सूत्रात त्यांची यादी आहे. लसूण आहे, कांद्याच्या कुळातले तीन प्रकार आहेत, आणि पाचव्या वनस्पतीचं नाव आहे 'शिंगछू'. हा शब्द चिनी नाही. तो आपला 'हिंगु' आहे, म्हणजे फोडणीतला हिंग. चिनी जिभेवर घोळून त्याचा शिंगछू झाला.

मला हे वाचून हसूही आलं आणि अंगावर काटाही आला. शिरड शहापूर हे हिंगोली जिल्ह्यातलं गाव. नावातल्या हिंगाचा या हिंगाशी संबंध जोडण्याचा माझा हट्ट नाही. पण कांदा-लसूण न खाणाऱ्या आपल्या घरांत त्या दोघांची उणीव कोण भरून काढतं? हिंगच. गरम तेलात चिमूटभर हिंग फुलला की लसणाची आठवणही होत नाही, कारण दोघांच्या वासामागे गंधकाचीच संयुगं आहेत. चिनी मठात नेमकं उलट झालं. कांदा-लसणाबरोबर हिंगालाही दाराबाहेर ठेवलं. ज्यांनी यादी केली त्यांच्या नाकानं या तिन्हींचं नातं बरोबर ओळखलं होतं.

गंमत अशी, की चीनच्या बहुतेक भागात हिंग कोणी पाहिलेलाच नव्हता. न पाहिलेल्या वस्तूवर बंदी! भिक्षू वाद घालत बसले की ही पाचवी वनस्पती नेमकी कोणती. आठव्या शतकात भारतात राहून परतलेल्या ह्वेइरी नावाच्या भिक्षूनं अखेर खुलासा केला, की ती आपल्याला फक्त मध्य आशियातल्या खोतानमध्ये दिसली, तिचं मूळ पांढरं असतं आणि त्याला लसणासारखी दुर्गंधी येते. आणि आपण तरी हिंग कुठे पिकवत होतो? अफगाणिस्तान, इराणकडून तो येत राहिला. भारतात हिंगाचं रोप पालमपूरच्या शास्त्रज्ञांनी लाहौलच्या थंड खोऱ्यात लावलं, ते ऑक्टोबर 2020 मध्ये. दोन देश, दोघांच्याही मातीत फारशी न उगवणारी एक वनस्पती. एकानं ती रोजच्या डब्यात ठेवली, दुसऱ्यानं वर्ज्य केली.

नियम एकच दिसला तरी कारणं वेगळी आहेत. जैनांचा विचार जिवाचा आहे. जमिनीखालच्या कंदात अनंत जीव एका देहात राहतात, कंद उपटला की त्या सगळ्यांची हिंसा होते, म्हणून कांदा, लसूण, बटाटा, गाजर, ओलं आलं सगळंच बंद. चिनी बौद्धांचा विचार मनाचा आहे. उग्र वनस्पती शिजवून खाल्ल्या तर वासना वाढते, कच्च्या खाल्ल्या तर राग वाढतो, असं त्यांचे ग्रंथ सांगतात. बटाटा, गाजर, आलं, कमळाचा कंद यांना तिथे मज्जाव नाही, आणि अळिंबी तर त्या स्वयंपाकाचा आत्माच. तेव्हा चिनी मठातलं ताट जसंच्या तसं उचलून त्या आजींपुढे ठेवता येणार नाही. त्यांना त्यातलं निम्मं चालणार नाही.

या नियमांना एक दुखरी बाजूही आहे. ती सोडून पुढे जाणं मला बरं वाटत नाही. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात आलेल्या फाहियान या चिनी भिक्षूनं लिहून ठेवलं, की मध्यदेशातले लोक कांदा-लसूण खात नाहीत, अपवाद फक्त चांडाळांचा, आणि ते गावाबाहेर राहतात. सातव्या शतकात दुसरा चिनी भिक्षू, ह्युएन त्संग, आला. 641 च्या सुमारास तो पुलकेशीच्या महाराष्ट्रातूनही फिरला. भारताच्या एकूण चालीरीतींविषयी त्यानं नोंदवलं, की कांदा-लसूण खाणाऱ्याला वेशीबाहेर घालवतात. ताटातल्या एका पाकळीवरून माणूस बाहेर काढला जात होता. आपल्या गावांना ही गोष्ट परकी नाही. म्हणून कुठल्याही पथ्याच्या स्वयंपाकघराकडे बघताना मी आधी एवढंच बघते, की तिथल्या पंगतीत कोण बसू शकतं.

खुद्द बुद्धांनी भिक्षूंना मांस सरसकट वर्ज्य केलं नव्हतं. भिक्षापात्रात पडेल ते खायचं. तो प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिला, ऐकला किंवा तसा संशय आला तरच नाही म्हणायचं, असा विनयाचा, म्हणजे भिक्षूंच्या आचारसंहितेचा, नियम होता. चीनमध्ये शाकाहार सक्तीचा केला तो लिआंग वंशाच्या सम्राट वू यानं. 502 ते 549 इतका दीर्घ काळ तो गादीवर होता. त्यानं स्वतः मांस सोडलं, भिक्षूंना सोडायला लावलं, आणि 517 मध्ये पूर्वजांच्या राजयज्ञातली पशुहत्या थांबवून कणकेचे पशू अर्पण करण्याचा हुकूम काढला. आपल्याकडे बळीऐवजी कोहळा कापतात, तसंच.

चिनी शाकाहारी हॉटेलात आज कणकेचं 'बदक' नि सोयाचा 'मासा' मिळतो. त्याचं कुळ शोधत मागे गेलं, की ही पिठाची जनावरं भेटतात.

आणि इथे मला जैनांची एक जुनी कथा आठवली. राजा यशोधराची. सोमदेवसूरींनी 959 मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलक' ग्रंथात ती आहे, पुष्पदंत कवीनं मान्यखेटला अपभ्रंश भाषेत ती सांगितली आहे. मान्यखेट म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी. आपला मराठवाडा तेव्हा त्यांच्याच राज्यात होता. आईच्या आग्रहाखातर यशोधर देवीपुढे कोंबडा बळी देतो, पण खरा नाही, पिठाचा. तरीही त्याला आणि आईला जन्मोजन्मी पशू होऊन मरण भोगावं लागतं, कारण सुरी चालवताना मनात मारण्याचा भाव होता. सम्राट वू आणि यशोधर यांच्यात चारशे वर्षांचं आणि हिमालयाचं अंतर आहे, पण दोघांसमोर वस्तू एकच आहे: पिठाचा प्राणी. एकाला त्यात सुटका दिसली, तर जैन कथाकारांना त्यातही हिंसा दिसली. मांसासारखं दिसणारं शाकाहारी अन्न खावं की नाही, हा वाद आज शहरांत नवा म्हणून घातला जातो. तो हजार वर्षांपूर्वीच इतक्या बारकाईनं घातला गेला होता, आणि तोही आपल्या भागात.

आता चुलीकडे येऊ. भारतातला भिक्षू भिक्षा मागून जेवायचा. चीनमध्ये धडधाकट माणसानं दारोदार हात पसरणं लोकांना रुचेना. मग मठांनी जमिनी कसल्या, पाणचक्क्या चालवल्या, स्वतःची स्वयंपाकघरं थाटली. ध्यानपंथातले बाइजांग हे आचार्य आठव्या-नवव्या शतकातले. म्हातारपणीही ते रोज शेतात राबत. शिष्यांना दया आली म्हणून त्यांनी अवजारं लपवून ठेवली, तर आचार्य त्या दिवशी जेवलेच नाहीत. काम नाही तर जेवण नाही. मठाचा आचारी हा तिथे मोठा अधिकारी. ती जबाबदारी मुरलेल्या भिक्षूकडे देतात. जेवणघराला 'पाच चिंतनांचं दालन' म्हणतात. घास घेण्याआधी मनात पाच गोष्टी आणायच्या: या अन्नामागे किती जणांचे कष्ट आहेत, मी त्याला पात्र आहे का, मला हाव तर सुटलेली नाही ना, हे अन्न देहाचं औषध आहे, आणि मी ते साधनेसाठी घेतो आहे. जेवताना बोलायचं नाही. आणखी हवं असेल तर वाडगा पुढे सरकवायचा, वाढपी न बोलता वाढतो.

याच दालनातून पुढे लोकांसाठी उघडलेली शाकाहारी भोजनगृहं निघाली. शांघायचं गोंगदेलिन 1922 मध्ये सुरू झालं. नावाचा अर्थ 'पुण्याचं वन'. एका भिक्षूच्या गृहस्थ शिष्यानं ते काढलं. धंदा तर करायचा, पण त्यातून लोकांना शाकाहाराची गोडी लावायची, हा हेतू. मोठमोठे लेखक-विचारवंत तिथे जेवून गेले आणि शंभर वर्षांनंतरही ते चालू आहे.

हाँगकाँगमधलं ची लिन भिक्षुणी-मठाचं भोजनगृह मला त्याहून जवळचं वाटतं. मठाची स्थापना 1934 ची. आजच्या लाकडी इमारती 1990 च्या दशकात तांग काळातल्या पद्धतीनं उभ्या राहिल्या. लाकडात लाकूड गुंतवलेलं, लोखंडी खिळा नाही. समोर साडेतीन हेक्टरची नान लिआन बाग आहे. ती 2006 मध्ये लोकांसाठी उघडली. बाग सार्वजनिक, तिचा सांभाळ मठाकडे, आणि तो नफ्यासाठी नाही असं ठरलेलं. बागेत एक कृत्रिम धबधबा आहे. त्या पाण्याच्या पडद्यामागे भोजनगृह आहे. काचेतून पाणी कोसळताना दिसतं, बाहेर उंच इमारतींचं शहर गर्जत असतं, आणि आत टेबलावर अळिंबीचं सूप, टोफू, कमळाचा कंद येतो. ताटाचे पैसे द्यावे लागतात, ते फुकट नाही. पण हा पैसा कोणा मालकाच्या घरी जाण्यासाठी मिळवलेला नसतो. याच मठाकडून वृद्धांची सेवा, शिक्षण अशी कामं चालतात.

सामाजिक उपक्रम म्हणजे एवढंच. दुकान दुकानासारखं चालवायचं, भाव ठरवायचा, हिशेब चोख ठेवायचा, आणि शिल्लक कुठे जाणार हे आधीच लिहून ठेवायचं. दानपेटीवर चालणारं अन्नछत्र वेगळं आणि हे वेगळं. मला दोन्ही हवीत. आमच्यापासून जवळ नांदेडला हुजूर साहिबचं लंगर आहे. तिथे ताट मागायला नाव-गाव-जात सांगावी लागत नाही आणि खिशाला हात घालावा लागत नाही. पण ज्याला रोज कामाला जायचं आहे, त्याला ताटाइतकाच रोजगारही लागतो.

मुंबईच्या गिरणगावात हे फार पूर्वी उमगलं होतं. गिरणी कामगारांसाठी खाणावळी चालवणाऱ्या बाया सावकाराच्या व्याजात पिचत होत्या. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये त्यांना अन्नपूर्णा महिला मंडळात गोळा केलं, बँकेकडून कर्ज मिळवून दिलं, आणि चुलीपुढची बाई पहिल्यांदा स्वतःच्या सहीची झाली. अलीकडे, 2018 पासून, जुहूला यश चॅरिटेबल ट्रस्टचं अर्पण कॅफे आहे. तिथे स्वमग्नता किंवा डाउन सिंड्रोम असलेली तरुण मुलं-मुली स्वयंपाक करतात, वाढतात, पगार घेतात. पवईत 2015 मध्ये सुरू झालेल्या मिर्ची अँड माइममध्ये कर्णबधिर तरुण वाढपी होते. मेनूकार्डावर पदार्थासमोर त्याची खूण छापलेली, गिऱ्हाइकानं हातानं खूण करून मागायचं. मठातल्या त्या सरकवलेल्या वाडग्याची मला आठवण झाली. दोन्हीकडे न बोलता जेवण मागता येतं.

आमच्या शिवारात काय आहे? पावसाळ्यात औंढ्याहून वसमतकडे निघालात, तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन आणि हळद. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. सोयाबीन मात्र कापलं की मोंढ्यावर जातं, तिथून तेलाच्या कारखान्यात. तेल निघतं आणि पेंड कोंबड्यांच्या खाद्याला जाते. त्या दाण्यात वजनाच्या जवळपास 40 टक्के प्रथिनं असतात. ज्या चीनमधून हे पीक जगभर गेलं, तिथल्या मठांनी त्याच्या जोरावर मांसाविना शतकं काढली. दाणे रात्रभर भिजवायचे, वाटायचे, गाळलेलं दूध चांगलं उकळायचं, जिप्सम किंवा समुद्राच्या मिठातून निघणारा कडू क्षार घालून फाडायचं, आणि फडक्यात बांधून वजनाखाली दाबायचं. पनीर करता येणाऱ्या कोणत्याही बाईला यातलं काही शिकवावं लागणार नाही. उकळी मात्र पुरी द्यावी लागते, कारण कच्च्या सोयाबीनमध्ये पचनाला अडवणारे घटक असतात. आमच्याकडे गावोगावी बचत गट आहेत, पापड-लोणची आहेत. त्या यादीत टोफू का नसावा, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

चिनी मठातला दुसरा खांब म्हणजे गव्हाचं 'म्यानजिन', पिठाचा स्नायू. बदक, कोंबडी, सगळे खोटे प्राणी बहुतेक त्याचेच. हे कसं करतात ते वाचून मी एका दुपारी घरी करून बघायला बसले. वाटीभर गव्हाचं पीठ घट्ट मळलं, तासभर झाकून ठेवलं, मग पातेल्यात पाण्याखाली धरून गोळा चोळू लागले. पाणी दुधासारखं पांढरं झालं. गोळा आधी विस्कटला, चिंध्या झाल्यासारखा वाटला, वाया गेला म्हणून मी सोडूनच देणार होते. पण तीन-चार पाणी बदलल्यावर त्या चिंध्या एकमेकींना धरू लागल्या. शेवटी हातात लिंबाएवढा करडा गोळा उरला. ओढला तर ताणला जातो, सोडला तर परत येतो. रबरासारखा, आणि आत बारीक धाग्यांची वीण. पिठातला बहुतेक स्टार्च धुऊन गेला होता, उरलं होतं मुख्यतः प्रथिन.

पातेलं मोरीत ओतायला उचललं तेवढ्यात आई आली. "काय करायलीस? ते पाणी फेकू नको, चीक हाय त्याच्यात."

मी थांबले. खरंच की! उन्हाळ्यात कुरडया करताना आपण गहू तीन दिवस भिजवतो, वाटतो, पिळतो, आणि खाली बसलेला पांढरा चीक शिजवून सोऱ्यातून घालतो. उरलेला चोथा गुरांपुढे जातो. फार तर मीठ-तिखट घालून त्याच्या वड्या वाळवतात. चिनी भिक्षूही तोच गहू पाण्यात चोळत होता. आपण चीक ठेवला आणि चोथा टाकला, त्यानं चीक सोडला आणि चिवट गोळा ठेवला. कोंड्याबरोबर पिळून आपण जे गुरांना घालत आलो, त्यातच त्याचं बदक होतं. आणि तिकडेही धुतलेलं पाणी कोणी फेकत नाही. त्याचा स्टार्च थाळीत पातळ वाफवून त्याच्या थंडगार शेवया कापतात.

आईनं पातेलं झाकून कोपऱ्यात ठेवलं. सकाळी वरचं पाणी काढून खालच्या चिकाचा तिनं दूध-साखरेत घाटा केला. गोळ्याचे तुकडे मी आदल्या दिवशीच वाफवून ठेवले होते. तिनं एक उचलून दाबून पाहिला, वास घेतला, दाताखाली धरला.

"कशासारखं करतेत म्हणालीस हे?"

"कोंबडीसारखं. बदकासारखं."

"कोंबडी म्हणू नको याला. वडी म्हण," ती म्हणाली. यशोधराची गोष्ट तिनं कधी ऐकलेली नाही. मग कढईत तेल तापवलं, मोहरी तडतडू दिली, हळद घातली, डबा उघडून चिमूटभर हिंग सोडला आणि तुकडे त्यात परतायला घेतले.